भरपाईची घासाघीस

अंगास झालेल्या इजेचे पैसे मागावेत की नाही, आणि मागितलेच तर त्यासाठी घासाघीस करावी की नाही, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत मला कोठे आढळला नाही. आणि सत्तावीस वर्षे ती पुस्तके शिकवूनही तो माझ्या मनात कधी उद्भवला नव्हता. तो उद्भवला तो माझा उजवा हात प्लास्टरमध्ये असताना. माझ्या एक वृद्ध आत्याबाई समाचारास आल्या होत्या. विमा कंपनीकडून काही मिळेल असे घरातील कोणी बोलताच त्या म्हणाल्या, "आपण होऊन दिलं तर घे बाबा, पण त्यासाठी भांडू नकोस. अंगाचे पैसे करू नयेत." हे वाक्य मला त्या वेळी फार उदात्त वाटले. पुढील दीड वर्षात जे घडले त्यामुळे त्याच्या उदात्ततेविषयी मला शंका येऊ लागली आहे, व ती शंका वाचकांपुढे मांडावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घडले ते असे. सोलापूर शहराबाहेर अक्कलकोटच्या रस्त्यावर जी औद्योगिक वसाहत आहे, तेथे टॉवेल विणण्याचे कारखाने दाटीने वसलेले आहेत. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा तेथे लहानसा कारखाना आहे. डिसेंबर २०२२ मधील एका गुरुवारी त्यास भेटून मी स्कूटरवरून परतत होतो. गुरुवारी या रस्त्यावर अक्कलकोटास स्वामी समर्थांच्या दर्शनास जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारींची रीघ असते. वसाहतीच्या वळणावर, पाळी सुटण्याच्या वेळी, दर्शन घेऊन परतणारी एक मोटार रस्ता सोडून आमच्या अंगावर आली. 'आमच्या' म्हणण्याचे कारण, माझ्या शेजारून एक कामगार सायकलीवरून कुंभारीकडील आपल्या घरी निघाला होता. मोटारीने त्यास आधी व मला मागाहून उडविले. दोघेही उजव्या हातावर पडलो. माझे मनगट मोडले. त्याचे मनगट तर मोडलेच, शिवाय अंगठ्याचे मूळ सायकलीच्या दांड्याखाली चिरडले. तो टॉवेलच्या मागावर काम करणारा, पद्मशाली घराण्यातला, त्रेचाळीस वर्षांचा विणकर. एकाच रुग्णवाहिकेतून आम्ही गेलो, आणि त्यामुळे आमची ओळख झाली. आता मी त्यांचा उल्लेख आदराने करीन. त्या दिवशी मात्र दोघांपैकी कोणासही आदराचे भान नव्हते.

आत्याबाईंच्या वाक्यामागे एक जुना व सन्मान्य विचार आहे. मनुष्य ही वस्तू नव्हे; वस्तूस किंमत असते, मनुष्यास प्रतिष्ठा असते, असे कान्टने १७८५ साली लिहिलेल्या ग्रंथात म्हटले आहे, आणि आम्ही ते दरवर्षी मुलांकडून पाठ करवून घेतो. ज्याची किंमत होते त्याच्या जागी तेवढ्याच किमतीचे दुसरे काही ठेवता येते. हाताच्या जागी काय ठेवणार? यावरून असे अनुमान निघते की हाताचे पैसे घेणारा आपला हात विकतो, आणि घासाघीस करणारा तो चढ्या भावाने विकू पाहतो. बाजारातील भाजीवालीशी घासाघीस करण्यात ज्यांस काही वाटत नाही, त्यांसही येथे संकोच वाटतो तो याच अनुमानामुळे.

हे अनुमान मला आता चुकीचे वाटते. अवयवांच्या किमतीची कोष्टके जगात झालेली आहेत, हे खरे. सातव्या शतकाच्या आरंभीचा केन्टचा राजा एथेलबर्ट याच्या कायद्यात अंगठ्यास २० शिलिंग व अंगठ्याच्या नखास ३ शिलिंग अशी बोटाबोटांची किंमत लावून दिलेली आहे. ते वाचताना खाटकाच्या दुकानातील दरफलक आठवतो, याबद्दल वाद नाही. परंतु आपल्याकडील जुन्या धर्मशास्त्रात याहून निराळी अशी एक कल्पना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघाताचा विचार आला आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला, किंवा हाकणाऱ्याने 'बाजूला व्हा' म्हणून ओरडून सांगितले होते, अशा दहा प्रसंगी दोष नाही. हाकणारा अडाणी असल्यामुळे गाडी भलतीकडे गेली तर दंड मालकास. तो निष्णात असूनही चुकला तर दंड त्याचा त्यास. आणि याच प्रकरणाच्या अलीकडे सांगितले आहे की ज्याने दुसऱ्याच्या अंगास पीडा दिली, व्रण केला, त्याने 'समुत्थानव्यय' द्यावा. ज्या ग्रंथाची २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडास होळी झाली, आणि ती योग्यच झाली असे मी मानतो, त्या ग्रंथातून शब्द उसना घेताना संकोच वाटतो. पण शब्द चांगला आहे. समुत्थान म्हणजे पुन्हा उठून उभे राहणे. जखमी माणूस पुन्हा उभा राहीपर्यंत जो खर्च येईल तो जखम करणाऱ्याचा. येथे हाताची किंमत कोणी विचारीतच नाही. पडलेला माणूस उठावयास काय लागेल, एवढाच प्रश्न आहे. आणि तो हिशेबाचा प्रश्न असल्यामुळे त्यात मतभेद होणार, एकजण कमी म्हणणार, दुसरा अधिक म्हणणार. ही घासाघीस विक्रीची नव्हे. उधार दिलेले धान्य मापून परत घेताना मापाविषयी जी तकरार होते, त्या जातीची ती आहे.

एवढे समजल्यावर माझा संकोच गेला, व मी स्वतःचे आणि विणकरांचेही कागद घेऊन मोठ्या उत्साहाने कामास लागलो. माझ्या खऱ्या शिक्षणास येथून आरंभ झाला.

आपल्या देशात मोटारीच्या मालकाने त्रयस्थाच्या इजेपुरता विमा उतरविलाच पाहिजे, हा नियम १९३९ च्या कायद्याने केला व १ जुलै १९४६ पासून अमलात आला. अशा दाव्यांसाठी निराळी न्यायाधिकरणे नेमण्याची तरतूद १९५६ साली झाली. हल्लीचा कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली दुरुस्त्या झाल्या आणि भरपाईविषयीच्या दुरुस्त्या १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्या. त्यांतील एक अशी की अपघाताची खबर मिळाल्यावर कंपनीने नेमलेल्या अधिकाऱ्याने तीस दिवसांत न्यायाधिकरणापुढे भरपाईचा देकार ठेवावा. जखमी माणसाने तो मान्य केला तर तोच निवाडा. देकार पटला नाही तर सुनावणी. कायद्याचा हेतू उघडच चांगला आहे. वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्यापेक्षा माणसाने महिन्याभरात पैसे घेऊन घरी जावे.

आता देकाराची रक्कम कशी ठरते ते पाहू. वार्षिक उत्पन्न घ्यावयाचे. कमावण्याची शक्ती शेकडा किती गेली ते पाहून तेवढा हिस्सा काढावयाचा. आणि त्यास वयानुसार ठरलेल्या एका अंकाने गुणावयाचे. हा अंक सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा खटल्यात ठरवून दिला आहे. एकेचाळीस ते पंचेचाळीस वर्षांच्या माणसास तो १४ आहे. आमच्या विणकरांची मिळकत महिना १४,००० रुपये. सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यावर अपंगत्व शेकडा वीस. पण या वीस टक्क्यांचा अर्थ काय? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात फार समंजसपणे दिलेले आहे. शरीराचे अपंगत्व व कमाईचे अपंगत्व या दोन निराळ्या गोष्टी होत. डावा हात गेलेला सुतार किंवा वाहनचालक जवळजवळ सर्वस्वी बेकार होतो. तोच हात सरकारी कारकुनाचा गेला तर त्याची नोकरी बहुधा जात नाही. आमच्या विणकरांच्या बाबतीत दाखल्यात मनगट किती अंश वळते, कोपर किती वाकते, याची मोजदाद होती. परंतु मागावर तुटलेला धागा चिमटीत धरून क्षणार्धात गाठ मारावी लागते, आणि ती चिमूटच गेली होती. अंगठा बोटास टेकत होता, पण धाग्याएवढी बारीक वस्तू धरू शकत नव्हता. विणकराच्या उजव्या हातातून चिमूट वजा केली तर बाकी काय राहते, हे दाखल्यावर सही करणाऱ्या डॉक्टरांस कोणी विचारलेच नाही.

म्हणून मी गणित मांडले: महिना १४,०००, कमाईची हानी निदान शेकडा चाळीस, गुणक १४, एकूण ९,४०,८००. कंपनीनेही गणित मांडले. कारखान्याची पगारचिठ्ठी नाही, तेव्हा महिना ९,००० धरू; दुसरे हलके काम करता येईल, तेव्हा हानी शेकडा दहा; गुणक १४; एकूण १,५१,२००. औषधोपचाराच्या बिलांपैकी शिक्क्याची तेवढी घेऊन ४८,८००. सारे मिळून दोन लक्ष. दोन्ही गणिते बिनचूक होती. एकाच हाताची ही दोन उत्तरे पाहून मला तर्कशास्त्राचा प्राध्यापक म्हणून जरा लाज वाटली. आम्ही मुलांस अनुमान शुद्ध असले की झाले असे शिकवितो, आणि आधारविधाने कोणी पुरवावयाची याविषयी गप्प राहतो.

मी त्यांस देकार नाकारण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो ऐकला, कारण मी 'सर' होतो.

सुनावणी चालू असतानाच तडजोडीच्या बोलण्यासाठी कंपनीच्या कचेरीत आम्हांस तीन-चारदा बोलावणे आले. तेथील अधिकारी तरुण, सभ्य व चहा विचारणारे होते. त्यांनी विणकरांस सहज विचारले, "आता घरातलं काम जमतं ना? घागर वगैरे?" विणकर हसून म्हणाले, "जमतं की साहेब. डाव्यानं उचलतो." त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि तो योग्य होता, सहा महिने त्या डाव्या हातास त्यांनी शिकविले होते. अधिकाऱ्यांनी ते टिपून घेतले. बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडलो. "असं सांगायचं नसतं," मी म्हणालो, "आणि पुढल्या वेळी येताना हात झोळीत घालून या." ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "झोळी तर सुटली की सर, दोन महिने झाले."

त्या उत्तराने मी खजील झालो, पण माझी चूक कोणती हे पुरते समजावयास वेळ लागला. खोटे बोलावयास सांगितले ही चूक तर उघडच आहे, आणि तीस नाव देण्यास नीतिशास्त्राची गरज नाही. तिच्याखाली आणखी एक आहे. पडलेला मनुष्य उठावा यासाठी हे सारे पैसे. आणि ते मिळेपर्यंत मात्र त्याने उठल्याचे दिसू नये, असा या व्यवहाराचा कल आहे. जो धीर धरून बरा होतो त्याचा आकडा उतरतो. जो कण्हत राहतो त्याचा चढतो. दावा करणाऱ्यास वर्ष-दोन वर्षे स्वतःच्या दुर्दशेची वकिली करावी लागते, आणि समोरच्या पक्षास त्याच्या तब्येतीची स्तुती करावी लागते. जगात दुसऱ्या कोणत्याही प्रसंगी आपला हितचिंतक 'तुम्ही पार मोडला आहात' असे म्हणत नाही, व प्रतिपक्षी 'छे, आपण तर ठणठणीत दिसता' असे म्हणत नाही. माणूस जे वर्षभर बोलतो ते अखेर त्याच्या मनात शिरते. बरे होण्यास केवळ हाडे सांधणे पुरत नाही, आपण बरे होत आहोत असे वाटावे लागते. आणि त्या वाटण्यावरच येथे कर बसविलेला आहे. विणकरांनी तो कर दिला. मी त्यांस तो चुकविण्यास सांगत होतो.

दुसरी गोष्ट काळाची. कंपनीजवळ कालावधी भरपूर असतो. तिच्या कपाटात असे शेकडो दावे पडलेले असतात. एखादा वर्षभर लांबला तरी तिच्या घरची चूल विझत नाही. निकालाबरोबर व्याज देण्याची प्रथा न्यायाधिकरणांनी पाडली आहे हे खरे, परंतु ते व्याज निकाल लागल्यावर मिळते. सावकाराचे व्याज दर महिन्यास द्यावे लागते. विणकरांच्या पत्नी विड्या वळतात. हजार विड्यांमागे मजुरी, असा तो हिशेब. नवऱ्याच्या शुश्रूषेत त्यांचे दिवस गेले तेवढी हजारकी बुडाली. जवळच्या माणसाने केलेल्या शुश्रूषेचाही मोबदला धरावा असे न्यायालये मानतात, आणि घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचे मोल कमी लेखू नये असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून २०२१ पर्यंत वारंवार बजावले आहे. कंपनीच्या कोष्टकात मात्र त्या रकान्यात शून्य होते. मंगळसूत्र गहाण पडले. शेकडा तीन दरमहा दराने कर्ज झाले. थोरला मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकत होता, त्याने ते सोडले व तो मागावर जाऊ लागला. यांतील कोणतीही गोष्ट मला त्या वेळी कोणी सांगितली नाही. मी त्यांच्या घरी जाई तेव्हा मला चहा मिळे, आणि मी 'जरा धीर धरा' असे सांगून परत येई.

२०२४ मधील एका लोकअदालतीत त्यांनी ३,७५,००० रुपयांवर तडजोड केली. १९८७ च्या कायद्याप्रमाणे लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते; 'पूर्ण व अंतिम' असे लिहिलेल्या कागदावर सही झाली की विषय संपला. मला हे दुसऱ्या दिवशी समजले, आणि मी संतापून त्यांच्या घरी गेलो. आणखी वर्ष थांबला असतात तर सहा-सात लक्ष सहज मिळाले असते, असे मी म्हणालो. तेव्हा त्यांच्या पत्नींनी आतून कर्जाची वही आणून माझ्यापुढे ठेवली. वहीत मुलाच्या हस्ताक्षरात महिन्यामहिन्याचे व्याज मांडलेले होते. पहिल्या देकारापेक्षा माझ्या सल्ल्याने पावणेदोन लक्ष अधिक मिळाले, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. त्यांतील किती सावकाराकडे गेले हे मी वहीत वाचले. मुलाचे वर्ष वहीत नव्हते.

माझा सल्ला बरोबर होता की चूक? मी अद्याप ठामपणे सांगू शकत नाही. दोन लक्षांस होकार दिला असता तर अन्याय झाला असता, याविषयी मला संशय नाही. आणि प्रत्येक जखमी माणूस पहिल्याच देकारास मान डोलावू लागला तर कंपन्यांचे देकार आणखी खाली येतील. तेव्हा जो नाकारतो तो एका अर्थाने इतरांसाठीही लढतो. हे सारे मी त्यांस त्या वेळी सांगितले होते, व ते खरेच आहे. पण लढणारा कोण होता? रसद कोणाची जात होती? दुसऱ्याच्या चुलीवर स्वतःची तत्त्वनिष्ठा शिजविण्याची खोड आम्हां शिकलेल्या लोकांस फार आहे. धीर धरण्याचा उपदेश करण्यापूर्वी तो धीर आपण विकत घेऊन द्यावा, म्हणजे त्या वर्षाचे कर्ज आपण बिनव्याजी द्यावे, हा साधा मार्ग मला तेव्हा सुचला नाही. माझ्याजवळ पैसे नव्हते असेही नाही.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण ती कोणत्याच रकान्यात बसत नाही. मोटारीचे मालक भले गृहस्थ होते. अपघातानंतर दुसऱ्या दिवशी ते रुग्णालयाच्या दारापर्यंत आले होते, आणि परत गेले, असे मला मागाहून कळले. त्यांस कोणी सांगितले होते की काही बोलू नका. विम्याच्या करारातच अट असते की कंपनीच्या लेखी संमतीवाचून विमेदाराने आपला दोष कबूल करू नये, काही देऊ करू नये. कंपनीच्या बाजूने पाहता ही अट समजण्याजोगी आहे. परंतु तिचा परिणाम असा होतो की ज्याने इजा केली तो, आणि ज्यास इजा झाली तो, यांची गाठच पडत नाही. मनूच्या व्यवस्थेत गाडीवान निदान समोर उभा असे. येथे त्याच्या जागी एक सभ्य कचेरी येते, जिने काही केलेले नाही व म्हणून जिला वाईटही वाटत नाही. पैसे देणाऱ्याचा पश्चात्तापाशी संबंध नाही. पश्चात्ताप पावलेल्यास तोंड उघडण्याची मुभा नाही. विणकर एकदा सहज म्हणाले, "ते येऊन बसले असते ना सर, तर मी एवढं ताणलं नसतं." कंपन्यांच्या हिशेबनिसांनी या वाक्याचा विचार करण्यासारखा आहे, पण मी ते त्यांच्या फायद्यासाठी येथे लिहिलेले नाही.

त्या तरुण अधिकाऱ्यांवर मात्र मी अन्याय करू इच्छीत नाही. एकदा वाद झाला असता ते म्हणाले, "सर, हा पैसा माझा नाही, आणि खरं म्हणजे कंपनीचाही नाही. हप्ते भरणाऱ्या सर्वांचा आहे. आणि खोटे दावे किती येतात ते तुम्हांला ठाऊक नाही." याही बोलण्यात तथ्य आहे. उत्तर प्रदेशात बनावट अपघात-दाव्यांच्या तपासासाठी उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या आदेशावरून खास पथक नेमावे लागले होते. विश्वस्ताने संशयी असावे हे मान्य. पण संशयाचाही एक न्याय असतो: तो सर्वांवर सारखा असावा. माझ्या दाव्याची हकीकत सांगितली म्हणजे तो तसा नव्हता हे दिसून येईल.

माझे मनगट बरे झाले. आज मी हा लेख त्याच हाताने लिहीत आहे. अपंगत्वाचा दाखला शेकडा आठ; पगार एक दिवसही थांबला नाही. परंतु मी अडीच महिने रजा घेतली होती, आणि खर्ची पडलेली रजा ही हानीच होय असे मानण्याचा प्रघात आहे. महिना १,७०,००० प्रमाणे तिचे ४,२५,००० झाले, वेदना व गैरसोय यांबद्दल आणखी ५५,०००, एकूण ४,८०,०००. माझ्याजवळ महाविद्यालयाचा शिक्क्याचा दाखला होता, पगारपत्रके होती, आयकराची विवरणे होती. कंपनीने एकही प्रश्न विचारला नाही, घागर उचलता येते का हेही नाही, आणि चार महिन्यांत रक्कम माझ्या खात्यात जमा झाली. मी घासाघीस केली नाही. आत्याबाई ज्यास सभ्यपणा म्हणत तो मला अशा रीतीने फुकट मिळाला.

घासाघीस न करण्याचा मोठेपणा ज्यास परवडतो त्यास बहुधा तो करावाच लागत नाही, हे मला आत्याबाईंस सांगावयाचे होते. पण त्या गेल्या वर्षी वारल्या.

भरपाई उत्पन्नाच्या प्रमाणात असावी की सर्वांस सारखी, हा वाद जुना आहे. ज्याचे जेवढे गेले तेवढे त्यास परत, हे ॲरिस्टॉटलने सांगितलेल्या दुरुस्तीच्या न्यायाचे तत्त्व. त्या न्यायासमोर उभे असलेले दोघे लहान की थोर हे पाहावयाचे नसते, फक्त हानी पाहावयाची असते. पण हानी मोजावयाची माप जर पगार हीच असेल, तर लहान-थोर हे मागल्या दाराने आत येतात. याच औद्योगिक वसाहतीत १८ मे २०२५ च्या पहाटे एका टॉवेल कारखान्यास आग लागून मालक, त्यांचे कुटुंबीय व कामगार मिळून आठ माणसे मृत्यू पावली. पंतप्रधानांच्या मदतनिधीतून मृतांच्या वारसांस प्रत्येकी दोन लक्ष रुपये जाहीर झाले. त्यात मालकाचे वारस व कामगाराचे वारस असा भेद नव्हता, कोणाची पगारचिठ्ठी मागण्याचे कारण नव्हते. मी हे वाचले तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली: जे कृपा म्हणून मिळते ते सर्वांस सारखे, आणि जे हक्क म्हणून मिळते ते ज्याच्या त्याच्या मगदुराप्रमाणे! मोटारीच्या कायद्यातही दोष सिद्ध न करता मिळणारी एक ठरीव रक्कम आहे; २०२२ पासून ती मृत्यूस पाच लक्ष व जबर दुखापतीस अडीच लक्ष अशी आहे, आणि तीत प्राध्यापक व विणकर एकाच पंक्तीस बसतात. ती घेतली की अधिक मागता येत नाही, ही तिच्यातील मेख. कोणी म्हणेल, मग सर्वांस सारखेच द्यावे. पण दोघांस सारखे अडीच लक्ष दिले असते तर माझी रजा भरून निघाली नसती एवढेच झाले असते. त्यांची चिमूट मात्र अडीच लक्षांत उठून उभी राहिली नसती. मला हवे ते माप निराळे आहे. ज्यास उठावयास अधिक लागते त्यास अधिक. ते माप राजकुमार खटल्याच्या निकालात बीजरूपाने आहे, सुतार आणि कारकून यांच्या त्या उदाहरणात. ते पगाराच्या आकड्याखाली दबून गेले आहे.

विणकरांनी मला माझा आकडा विचारला तो तडजोडीनंतर काही महिन्यांनी. आम्ही कुंभारीच्या त्यांच्या घरापुढे बसलो होतो. गोदूताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगारांची जी मोठी वसाहत तेथे उभी राहिली, तीत त्यांचे घर आहे. ते आता मागावर नाहीत. त्याच कारखान्यात तयार टॉवेलांच्या घड्या घालून गठ्ठे बांधतात, मजुरी जवळजवळ निम्मी. "तुमचं किती झालं, सर?" त्यांनी विचारले. खोटा आकडा सांगण्याचा मोह मला झाला, हे लपवीत नाही. मी खरा सांगितला, आणि रजेचा हिशेबही सांगितला, कारण केवळ आकडा सांगून थांबणे मला जमेना. त्यांनी तोंडातल्या तोंडात गुणाकार केला. "अडीच महिने, एक सत्तर," ते म्हणाले, "बरोबर आहे, सर. तुमचा पगारच मोठा."

त्यांस राग आला असता तर मी काहीतरी बोललो असतो. त्यांस खरोखरच ते बरोबर वाटले होते. आतून त्यांच्या पत्नींनी तेलुगूत काही विचारले, त्यांनी उत्तर दिले, आणि मग दोघेही थोडे हसले. काय म्हणाल्या, असे मी विचारले. "काही नाही, मुलाचं विचारत होती," ते म्हणाले. मुलास या जुलैत पुन्हा प्रवेश मिळेल का, वय बसते का, ते मी पाहून सांगावे अशी त्यांची इच्छा होती. मी कागद घेतला आणि मुलाची जन्मतारीख लिहून घेतली.